असल्यास, कोणती कार्यवाही केली?

विधिमंडळाच्या प्रश्नोत्तरांच्या याद्या वाचणाऱ्यांना त्यांचा साचा पाठ असतो. ‘सन्माननीय गृहमंत्री पुढील गोष्टींचा खुलासा करतील काय’ अशी सुरुवात. मग एक: अमुक शहरात दुचाकी चोरीच्या घटनांत वाढ झाली आहे, हे खरे आहे काय. दोन: असल्यास, त्याची चौकशी केली आहे काय. तीन: चौकशीत काय आढळून आले व त्यानुसार कोणती कार्यवाही केली. चार: नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत. समोर उत्तर असते: ‘हे अंशतः खरे आहे’, ‘हे खरे नाही’ किंवा ‘प्रश्न उद्भवत नाही’. वाहनचोरीचा विषय या साच्यातून वारंवार जातो. पुढे त्याचे काय होते, हे फारसे कुणी विचारत नाही.

मार्च २०२१ मध्ये मात्र गाडी चोरीला गेल्याच्या एका तक्रारीने राज्याचे गृहखाते मुळापासून हलवले.

ठाण्यातील एका व्यापाऱ्याने १८ फेब्रुवारी २०२१ रोजी मुंबईच्या विक्रोळी पोलीस ठाण्यात स्कॉर्पिओ चोरीला गेल्याची तक्रार दिली. आदल्या दिवशी ती मुलुंड-ऐरोली रस्त्यावर बंद पडली, तिथेच ठेवली आणि दुसऱ्या दिवशी जागेवर नव्हती, असे त्याचे म्हणणे. शहरात रोज नोंदवल्या जाणाऱ्या तक्रारींपैकीच ही एक. आठवडाभराने, २५ फेब्रुवारीला, तीच स्कॉर्पिओ मुकेश अंबानी यांच्या ‘अँटिलिया’ या निवासस्थानाजवळ कारमायकल रोडवर उभी सापडली. नंबरप्लेट बनावट, आत जिलेटिनच्या २० कांड्या आणि धमकीची चिठ्ठी. ५ मार्चला त्या व्यापाऱ्याचा मृतदेह मुंब्र्याच्या खाडीत आढळला.

त्या दिवशी विधिमंडळाचे अर्थसंकल्पी अधिवेशन चालू होते. विरोधी पक्षनेते देवेंद्र फडणवीस यांनी विधानसभेत हा विषय काढला आणि थेट नाव घेतले ते सहायक पोलीस निरीक्षक सचिन वाझे यांचे. हे अधिकारी आणि गाडीवाला व्यापारी यांचे आधीपासून फोनवर बोलणे होते का? गाडी सापडल्यावर तिथे हेच अधिकारी इतक्या लवकर कसे पोहोचले? तपास त्यांच्याकडेच कसा? गृहमंत्री अनिल देशमुख यांनी गाडीच्या मालकीबद्दल खुलासा केला आणि तपास दहशतवादविरोधी पथकाकडे सोपवत असल्याचे सांगितले. मृतदेहाच्या अवस्थेवरून दोघांत सभागृहातच खडाजंगी झाली. तीन दिवसांनी स्फोटकांचा तपास राष्ट्रीय तपास यंत्रणेकडे, म्हणजे एनआयएकडे गेला. ९ मार्चला फडणवीसांनी मृत व्यापाऱ्याच्या पत्नीचा जबाब सभागृहात वाचून दाखवला आणि वाझे यांच्या अटकेची मागणी केली. सत्ताधारी बाकांवरून प्रतिप्रश्न आला: कुणाच्या फोनचे तपशील विरोधी पक्षनेत्याच्या हाती आलेच कसे? प्रश्न वाजवी होता, पण त्याने मूळ प्रश्न मिटला नाही. १० मार्चला देशमुखांनी वाझे यांना गुन्हे शाखेतून हलवत असल्याचे विधान परिषदेत जाहीर केले. १३ मार्चला एनआयएने त्यांना अटक केली.

सभागृहात नाव उच्चारल्यापासून अटकेपर्यंत आठ दिवस.

पुढचा क्रम सर्वांना ठाऊक आहे. १७ मार्चला पोलीस आयुक्त परमबीर सिंह यांची बदली झाली. २० मार्चला त्यांचे मुख्यमंत्र्यांना लिहिलेले पत्र बाहेर आले; गृहमंत्र्यांनी महिन्याला १०० कोटी रुपये गोळा करायला सांगितले, असा त्यात आरोप होता. देशमुखांनी तो फेटाळला. ५ एप्रिलला मुंबई उच्च न्यायालयाने सीबीआयला प्राथमिक चौकशीचा आदेश दिला आणि त्याच दिवशी देशमुखांनी राजीनामा दिला. दरम्यान, २८ मार्चला मिठी नदीत पाणबुडे उतरवून एनआयएने नंबरप्लेट, संगणकाचा भाग, चित्रीकरणाचे यंत्र असा ऐवज वर काढला. स्कॉर्पिओ कारमायकल रोडवर ठेवली गेली त्या रात्री तिच्यामागे असलेली पांढरी इनोव्हा पोलिसांच्याच वापरातली निघाली. सप्टेंबर २०२१ मध्ये दहा जणांवर आरोपपत्र दाखल झाले. गाडी चोरीला गेलीच नव्हती, तो बनाव होता, असे एनआयएचे म्हणणे. त्याचा निवाडा न्यायालयाचा. विधिमंडळाने प्रश्न विचारून आपले काम केले होते.

ते काम कशाच्या बळावर झाले? पहिले बळ राज्यघटनेचे. अनुच्छेद १९४ नुसार सभागृहात केलेल्या वक्तव्याबद्दल आमदारावर न्यायालयात कारवाई होत नाही. म्हणूनच वर्तमानपत्राला जे छापताना वकिलाला विचारावे लागते, ते आमदार उभा राहून बोलू शकतो. दुसरे बळ तपशिलाचे. ‘कायदा व सुव्यवस्था ढासळली आहे काय’ असे विचारले की ‘हे खरे नाही’ एवढ्यावर मंत्री सुटतो. तारीख, ठिकाण, अधिकाऱ्याचे नाव हाती असले की सुटका अवघड होते. वाझे यांचा पूर्वेतिहासही कामी आला. ख्वाजा युनूस कोठडी मृत्यू प्रकरणात ते २००४ मध्ये निलंबित झाले होते, मधल्या काळात शिवसेनेत गेले होते आणि जून २०२० मध्ये त्यांना सेवेत परत घेतले होते. परत कुणी घेतले आणि का, हा प्रश्न मग टाळता येईना.

तिसरी गोष्ट आयुधांची. अतारांकित प्रश्नाला फक्त लेखी उत्तर मिळते. तारांकित प्रश्नाला मंत्र्याला उभे राहून उत्तर द्यावे लागते आणि खरी परीक्षा पुरवणी प्रश्नांत होते, कारण खात्याने लिहून दिलेला कागद तिथे संपतो. लक्षवेधी सूचनेत मंत्र्याचे निवेदन आधीच छापून येते आणि त्यातल्या फटी शोधत आमदार प्रश्न विचारतात. मंत्र्याने दिलेल्या शब्दाचा पाठपुरावा करायला आश्वासन समिती आहे. ही सगळी हत्यारे वाहनचोरीसाठीही तेवढीच उपलब्ध आहेत. ती वापरली जातात ती बहुधा गाडीत स्फोटके सापडल्यावर.

साध्या वाहनचोरीची वाट कशी असते, ते पाहण्यासारखे आहे. चाळीच्या तोंडाशी लावलेली मोटारसायकल सकाळी जागेवर नसते. मालक पोलीस ठाण्यात जातो. पहिला सल्ला मिळतो, ‘आजूबाजूला बघा, कुणी नेली असेल’. गुन्हा नोंदवला गेला तरी गाडी मिळतेच असे नाही. शोध लागला नाही की पोलीस न्यायालयात ‘अ समरी’ मागतात: गुन्हा खरा, पण उघडकीस न आलेला. विम्याचा दावा बहुधा याच कागदासाठी अडतो. तोवर कर्जाचे हप्ते चालूच. हप्ता भरणारा डिलिव्हरी बॉय असेल, तर गाडीबरोबर रोजगारही गेलेला असतो.

चोरट्यांची बाजारपेठ मात्र व्यवस्थित चालते. इंजिन आणि चेसिसवरचे क्रमांक घासून नवे ठोकले जातात, नाहीतर गाडी तासाभरात खोलून सुटे भाग विकले जातात. उत्तर प्रदेशातील मेरठचा सोतीगंज बाजार याच धंद्यासाठी देशभर कुप्रसिद्ध होता. डिसेंबर २०२१ मध्ये पोलिसांनी तो बंद पाडला. इतकी वर्षे तो उघडपणे चालला, यातच तपासाची मर्यादा दिसते.

कायदा आता पूर्वीइतका मवाळ नाही. भारतीय दंड संहितेच्या कलम ३७९ खाली साध्या चोरीला तीन वर्षांपर्यंत शिक्षा होती. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत कलम ३०५ ने माल वा प्रवासी वाहतुकीच्या साधनाच्या चोरीला सात वर्षांपर्यंतच्या शिक्षेची तरतूद केली. कलम ११२ ने टोळीने केलेली चोरी ‘किरकोळ संघटित गुन्हा’ ठरवली. किती पोलीस ठाण्यांनी दुचाकीचोरांच्या टोळ्यांवर हे कलम लावले? हा तारांकित प्रश्न सहज होऊ शकतो.

सापडलेल्या गाडीचे हालही कमी नाहीत. राज्यातल्या कुठल्याही पोलीस ठाण्याच्या आवारात मुद्देमालाच्या गाड्यांवर वेली चढलेल्या दिसतात. सुंदरभाई अंबालाल देसाई खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्येच सांगितले होते, की जप्त वाहने ठाण्यात दीर्घकाळ पडू देऊ नयेत, बंधपत्र घेऊन ती लवकर परत करावीत. नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४९७ ने यादी करायला १४ दिवसांची आणि विल्हेवाटीच्या आदेशाला ३० दिवसांची मुदत घातली. वेली मात्र अजून तशाच आहेत.

उच्च सुरक्षा नंबरप्लेटचा वाद याच धाग्यातला. १ एप्रिल २०१९ पासूनच्या नव्या गाड्यांना ती बसूनच येते. महाराष्ट्रात त्याआधीच्या गाड्यांना ती सक्तीची करताना २०२५ मध्ये मुदत पुन्हा पुन्हा वाढवावी लागली. दुचाकीला ४५० आणि चारचाकीला ७४५ रुपये, वर जीएसटी, या दरावर विरोधकांनी सरकारला धारेवर धरले. दराबद्दल विचारलेच पाहिजे. पण ही प्लेट चोरी रोखण्यासाठी आहे, असे सरकार सांगत असेल, तर ती बसवलेल्या किती गाड्या चोरीला गेल्या आणि त्यातल्या किती सापडल्या, हेही विचारायला हवे. लोकांनी पैसे मोजले ते त्यासाठीच.

खासदारांकडून फार अपेक्षा ठेवता येत नाही. संसदेत असा प्रश्न आला, की केंद्रीय गृह मंत्रालयाच्या उत्तराचे पहिले वाक्य बहुधा ठरलेले: पोलीस आणि सार्वजनिक सुव्यवस्था हे घटनेच्या सातव्या अनुसूचीनुसार राज्यांचे विषय आहेत. नॅशनल क्राइम रेकॉर्ड्स ब्युरोची ‘वाहन समन्वय’ ही चोरीच्या गाड्यांची नोंद देशपातळीवर आहे, पण चोर पकडणारा हवालदार राज्याचाच. म्हणून हा प्रश्न मुंबईत आणि हिवाळ्यात नागपूरला विचारायचा.

महाराष्ट्रात प्रश्न विचारणाराच पुढे उत्तर देणारा होतो, ही परंपराही जुनी आहे. गोपीनाथ मुंडे यांनी विरोधी पक्षनेता म्हणून गृहखात्यावर रान उठवले आणि १९९५ मध्ये ते खाते त्यांच्याकडेच आले. विधान परिषदेत विरोधी पक्षनेते असलेले छगन भुजबळ १९९९ मध्ये गृहमंत्री झाले. फडणवीस २०१४ ते २०१९ उत्तरे देत होते, मग अडीच वर्षे प्रश्न विचारत होते आणि २०२२ पासून पुन्हा उत्तराच्या बाकावर आहेत. प्रश्न कुठे बोचतो, हे त्यांच्याइतके कुणाला ठाऊक असणार? पण त्यांनी २०२१ मध्ये ज्या पदावरून विचारणा केली, ते पद २०२५ च्या अर्थसंकल्पी आणि पावसाळी अधिवेशनात विधानसभेत रिकामेच होते, कारण नोव्हेंबर २०२४ च्या निवडणुकीत विरोधातल्या कुठल्याही पक्षाला २८८ पैकी एक दशांश जागा मिळाल्या नाहीत.

त्यामुळे जबाबदारी प्रत्येक आमदारावर येते, सत्ताधारी बाकांवरच्याही. एकूण आकडा विचारू नये. त्याला ठोकळेबाज उत्तर तयार असते. पोलीस ठाण्यानुसार विचारावे. गेल्या वर्षी किती वाहने चोरीस गेली, किती सापडली, किती प्रकरणांत ‘अ समरी’ घेतली, तक्रार आणि गुन्हा नोंदणी यांत किती दिवस गेले, सापडलेल्यांपैकी किती मालकांच्या ताब्यात दिली आणि किती अजून आवारात पडून आहेत?

वाचकांपैकी ज्यांची गाडी गेली आहे, त्यांनी गुन्हा क्रमांक, तारीख आणि पोलीस ठाण्याचे नाव एका कागदावर लिहून आपल्या आमदाराच्या कार्यालयात द्यावे आणि पोच घ्यावी. प्रश्नांच्या सूचना अधिवेशनाच्या काही आठवडे आधीच द्याव्या लागतात, म्हणून पुढचे अधिवेशन सुरू होण्याची वाट पाहू नये.