सातबारा यंत्रानं वाचावा, धुरा आपण चालावा

कारंजा आणि शेलूबाजार यांच्या मधल्या एखाद्या गावात, समृद्धी महामार्गाच्या कुंपणाला लागून दोन एकर शेत आहे असं समजा. शेतात उभं राहिलं की नागपूर-मुंबई गाड्यांचा आवाज कानावर येतो. नकाशावर बघाल तर रस्ता हाताच्या अंतरावर दिसतो. जमिनीचा भाव सांगणाऱ्या संगणकीय प्रणालीला हे शेत दाखवलं, तर ‘महामार्गालगत’ म्हणून ती भाव चढवण्याचीच शक्यता जास्त.

पण समृद्धीवर वाटेल तिथून चढता येत नाही. त्यावर जायचं तर इंटरचेंज गाठावा लागतो. या शेतातून सोयाबीनची पोती बाहेर काढायची, तर मागच्या पांदणीशिवाय वाट नाही, आणि पावसाळ्यात त्या पांदणीत ट्रॅक्टर रुततो. उलट अकोला-वाशीम-नांदेड रस्त्यापासून थोडं आत असलेलं, पण बारमाही वाट असलेलं शेत जास्त मोलाचं ठरू शकतं. यंत्राला अंतर मोजता येतं. वाट आहे की नाही, हे गावात जाऊन बघावं लागतं.

वाशीम जिल्ह्यात आज जमिनीची खरेदी-विक्री करणाऱ्या अनेकांच्या हातात कृत्रिम बुद्धिमत्ता आलेली आहे. मोबाइलवर सातबाऱ्याचा फोटो टाकून ‘यात काय लिहिलंय?’ असं विचारता येतं. हे साधन उपयोगाचं आहे. त्याच्याकडून कोणतं काम घ्यायचं आणि कुठं थांबायचं, हे पायरीपायरीनं पाहू.

भाव कसा निघतो

भाव सांगणारी प्रणाली मुळात जुनंच काम वेगानं करते. आसपास झालेली खरेदीखतं गोळा करायची, क्षेत्र, ओलित की कोरडवाहू, रस्त्यापासून अंतर अशा गोष्टी जुळवायच्या, आणि त्यावरून आपल्या जमिनीचा आकडा काढायचा. गावातला जाणता माणूसही ‘शेजारचं वावर कितीला गेलं?’ असंच विचारतो. फरक इतकाच की यंत्र हजारो व्यवहार एकदम चाळतं.

मोठ्या शहरात एकाच इमारतीत दहा सदनिका विकल्या जातात, त्या एकमेकींसारख्या असतात, म्हणून तिथं हा हिशेब बराच जुळतो. मानोरा किंवा रिसोड तालुक्यातल्या लहान गावात वर्षाकाठी मोजकेच व्यवहार होतात, आणि दोन शेतं कधी सारखी नसतात. एक काळं, भारी. धुऱ्यापलीकडचं दुसरं बरड.

समजा, गावात तीन वर्षांत पाच खरेदीखतं झाली. एकरी भाव ६, ९, १०, ११ आणि २४ लाख. सरासरी १२ लाख येते. आता गावात विचारलं तर कळतं की २४ लाखांचं शेत डांबरी रस्त्याच्या तोंडावर होतं आणि ते पेट्रोल पंपासाठी घेतलं. ६ लाखांचा व्यवहार सख्ख्या भावाभावांतला होता. हे दोन बाजूला ठेवले की उरलेल्या तीन व्यवहारांची सरासरी १० लाख होते. दोन एकरांवर चार लाखांचा फरक पडला. हा आकडा लहान शेतकऱ्याच्या घरात एका लग्नाचा किंवा एका विहिरीचा असतो.

कोणता व्यवहार हिशेबात धरायचा नाही, हे ठरवण्याला कायद्यातही जागा आहे. २०१३ च्या भूसंपादन कायद्याच्या कलम २६ मध्ये बाजारमूल्य काढण्याची एक रीत दिली आहे. जवळपासच्या तशाच जमिनींची मागच्या तीन वर्षांतली खरेदीखतं घ्यायची, त्यांतली जास्त भावाची निम्मी निवडायची आणि त्यांची सरासरी काढायची. पण त्याच कलमाच्या स्पष्टीकरणात म्हटलं आहे की एखादी किंमत प्रत्यक्ष बाजारभाव दाखवत नाही असं जिल्हाधिकाऱ्यांचं मत झालं, तर ती वगळता येते. म्हणजे सूत्र आहे आणि सूत्रावर माणसाचा विवेकही आहे. आपल्या घरच्या सौद्यातही हीच रीत ठेवावी.

विवेक मागे पडला की काय होतं, याचं उदाहरण अमेरिकेत घडलं. झिलो ही कंपनी संगणकीय अंदाजाच्या आधारे घरं विकत घेऊन पुन्हा विकत होती. भाव पुढं कसे हलतील याचा अंदाज चुकला, आणि नोव्हेंबर २०२१ मध्ये कंपनीनं तो व्यवसाय बंद करत असल्याचं जाहीर केलं. तिच्याकडं घरांच्या माहितीचा प्रचंड साठा होता, तरीही हे झालं. आपल्याकडं तर खरेदीखतावरचा आकडा आणि हातोहात दिलेली रक्कम कायम एकच असते असंही नाही. कित्येक खतं रेडीरेकनरच्या दराशी जुळवून लिहिलेली असतात. यंत्र शिकतं ते त्या लिहिलेल्या आकड्यांवरून.

कागद वाचताना

कृत्रिम बुद्धिमत्तेचा सर्वात चांगला उपयोग इथं होतो. सातबारा, आठ-अ, फेरफार, सूची क्रमांक २ असे कागद समोर ठेवून तिला साधे प्रश्न विचारा. भोगवटादार वर्ग १ आहे की २? इतर हक्कांत बँकेचा किंवा सोसायटीचा बोजा आहे का? खातेदार किती, आणि प्रत्येकाचा हिस्सा किती? आठ-अवरच्या आणि सातबाऱ्यावरच्या क्षेत्रात फरक आहे का? कंटाळा न करता ती हे जुळवून दाखवते, आणि शब्दांचे अर्थही सांगते.

इथं एक खूणगाठ बांधा. सातबाऱ्यावर क्षेत्र ‘०.८१.००’ असं दिसलं, तर ते हेक्टर, आर, चौरस मीटर अशा क्रमानं वाचायचं. ८१ आर म्हणजे जवळजवळ दोन एकर. हाच आकडा ‘०.८१ एकर’ असा वाचला गेला, तर अर्ध्याहून जास्त शेत हिशेबातून गायब होतं. म्हणून यंत्रानं सांगितलेलं क्षेत्र आपण स्वतः एकदा मोजून पाहायचं: १ हेक्टर म्हणजे १०० आर, सुमारे २.४७ एकर; १ एकर म्हणजे ४० गुंठे.

जुने हस्तलिखित फेरफार आणखी जपून वाचावे लागतात. पुसट अक्षर लागलं नाही तर यंत्र गप्प राहीलच असं नाही, ते जवळचा शब्द अंदाजानं भरतं. नाव, गट क्रमांक, क्षेत्र आणि तारीख या चार गोष्टी मूळ नकलेवर बोट ठेवून तपासायच्या. सातबारा नेहमी शासनाच्या संकेतस्थळावरून डिजिटल स्वाक्षरीचाच काढावा. आणि आधार, पॅन, बँक खात्याचे क्रमांक असलेले कागद अशा साधनांवर चढवू नयेत.

कायद्याच्या बाबतीत प्रदेश सांगायला विसरू नका. ‘महाराष्ट्रात शेतजमीन कोण घेऊ शकतो?’ असं विचारलं तर उत्तर पश्चिम महाराष्ट्राच्या कुळकायद्यावरून येऊ शकतं. वाशीमला विदर्भ प्रदेशाचा १९५८ चा कुळवहिवाट कायदा लागू आहे, आणि बिगरशेतकऱ्याला शेतजमीन देण्यावरचा निर्बंध त्याच्या कलम ८९ मध्ये आहे. भोगवटादार वर्ग २ ची जमीन असेल, तर परवानगीचा प्रश्न वेगळाच. यंत्राचं उत्तर घेऊन वकिलाकडं जा; त्याच्या भरवशावर इसार देऊ नका.

नकाशा आणि मोजणी

गावनकाशा उपग्रहाच्या चित्रावर ठेवून पाहता येतो. झाडं, विहीर, पिकाचा पट्टा, नाल्याचा काठ दिसतो. पैनगंगेकाठचं शेत असेल तर वेगवेगळ्या वर्षांची पावसाळ्यातली चित्रं बघावीत. पण जुना कागदी नकाशा संगणकात घेताना रेषा थोडी सरकू शकते. पडद्यावर विहीर आपल्या गटात दिसली म्हणून ती आपली होत नाही. हद्द ठरते ती भूमी अभिलेख विभागाच्या मोजणीनं, लगतच्या खातेदारांना नोटीस देऊन, भूकरमापकानं जागेवर खुणा करून. मोजणीच्या दिवशी घरातल्या कुणीतरी धुऱ्यावर हजर असायलाच हवं.

जे कागदावर नसतं

यंत्राची मर्यादा खरी कळते ती गावाच्या पारावर. वडील वारल्यावर वारस नोंद झाली का? सातबाऱ्यावर दोन भाऊच दिसतात, पण बहिणींचं काय? २००५ च्या दुरुस्तीनं हिंदू कुटुंबातल्या मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत मुलांइतकाच हक्क दिला आहे. नोंद नाही म्हणून तो हक्क संपत नाही. हे कागदात नसेल तर यंत्र सांगणार तरी कसं? जमीन बटईनं कुणाकडं आहे का, वाट शेजाऱ्याच्या मर्जीवर आहे का, विहिरीला मे महिन्यात पाणी राहतं का, रोही आणि रानडुकरं किती त्रास देतात, या प्रश्नांची उत्तरं तिथं नांगर धरलेल्या माणसाकडंच मिळतात. एकदा उन्हाळ्यात आणि एकदा पावसाळ्यात, असं दोनदा शेत पाहावं. सोबत गावातली एखादी जुनी, निःस्वार्थ व्यक्ती असावी.

प्लॉट घेताना

वाशीम शहरात किंवा शेलूबाजारजवळ ले-आउटमधला प्लॉट घेत असाल तर अकृषिक वापराचा कागद आणि मंजूर नकाशा मागा. ५०० चौरस मीटरपेक्षा मोठ्या प्रकल्पाला साधारणपणे महारेराची, म्हणजे राज्याच्या स्थावर मालमत्ता नियामक प्राधिकरणाची नोंदणी लागते, आणि ऑगस्ट २०२३ पासून जाहिरातीत क्यूआर कोड बंधनकारक आहे. फसव्या जाहिराती हुडकण्यासाठी महारेरानं जाहिरात मानक परिषदेमार्फत कृत्रिम बुद्धिमत्तेचा वापर सुरू केला. तिथंही यंत्र संशयाची जाहिरात शोधतं, दोष कुणाचा हे अधिकारी ठरवतात.

कामाचा क्रम

आधी अधिकृत कागद काढा. ते यंत्राकडून वाचून घ्या आणि शंकांची यादी करा. आसपासचे व्यवहार जमवून यंत्राला भावाचा पल्ला विचारा. एकच आकडा मागू नका. कोणते व्यवहार का धरले, हेही विचारा. मग यादी घेऊन तलाठ्यांकडं, म्हणजे आताच्या ग्राम महसूल अधिकाऱ्यांकडं जा, वकिलाला भेटा, मोजणी करून घ्या. शेवटी धुऱ्यानं चारही बाजूंनी फिरा आणि ज्या वाटेनं पीक बाहेर येणार, त्याच वाटेनं परत या.

कुंपणाजवळच्या त्या दोन एकरांचा खरा भाव त्या परतीच्या वाटेवर कळतो. पांदण पक्की व्हायची असेल तर हीच जमीन उद्या मोलाची होईल. वाट अडलेली असेल तर आज स्वस्त वाटणारा सौदाही महागात पडेल. तिथवर पोचेपर्यंत यंत्रानं आपले दहा हेलपाटे वाचवलेले असतात. अकरावा हेलपाटा मात्र आपणच घालायचा असतो.