कोचीची चार दिवसांची सहल: आधी वार, मग ठिकाणे

कोचीला तीन-चार दिवसांसाठी जायचे असेल, तर पहिला निर्णय वाराचा घ्यावा लागतो. मट्टनचेरीचा राजवाडा शुक्रवारी बंद असतो. तिथून चालत पाच मिनिटांवर असलेले परदेशी सिनेगॉग शुक्रवारी दुपारनंतर आणि शनिवारी बंद असते, शिवाय ज्यूंच्या सणांनाही. आपल्याकडची नोकरदार कुटुंबे छोटी सहल नेमकी शुक्रवारी रात्री निघून सोमवारी पहाटे परतायच्या बेताने आखतात. असा बेत केला तर दोन्ही एकाच फेरीत पाहायला फक्त रविवार उरतो. रविवारी पोचून बुधवारी निघणे हा कोचीसाठी सर्वांत सोयीचा बेत. रजा तीन दिवस जास्त पडतात, पण सोमवार आणि मंगळवार असे दोन पूर्ण दिवस हाती लागतात आणि दोन्ही दिवशी राजवाडा आणि सिनेगॉग उघडे असतात.

दुसरा निर्णय राहण्याचा, आणि तो घेण्याआधी या शहराची ठेवण समजून घ्यावी लागते, कारण कोची सलग नाही. पूर्वेला मुख्य भूमीवर एर्नाकुलम: रेल्वे स्टेशने, मेट्रो, मोठी दुकाने, दवाखाने. पश्चिमेला समुद्राकडे फोर्ट कोची आणि त्याला लागून मट्टनचेरी. उत्तरेला खाडीच्या तोंडापलीकडे वायपीन. मध्ये विलिंग्डन बेट, जे निसर्गाने घडवलेले नाही: रॉबर्ट ब्रिस्टो हा बंदर अभियंता 1920 मध्ये इथे आला आणि जहाजांसाठी खोल वाट काढताना निघालेल्या गाळाच्या भरावातून हे बेट उभे राहिले. खुद्द बंदराचा जन्मही पाण्याच्या उलथापालथीतून झाल्याचे सांगतात. 1341 च्या महापुराने पेरियार नदीचे मुख पालटले, मुझिरिस हे जुने बंदर गाळाने भरले आणि कोचीचे तोंड मोकळे झाले. पुढे मिऱ्याच्या मागोमाग पोर्तुगीज 1500 मध्ये आले, डचांनी त्यांना 1663 मध्ये हुसकावले आणि 1795 मध्ये इंग्रजांनी डचांची जागा घेतली. पाहण्यासारखे जवळपास सगळे या तीन राजवटींच्या काळातले आहे आणि ते पश्चिमेच्या त्या जमिनीच्या जिभेवर दाटीवाटीने बसले आहे.

म्हणून मुक्काम फोर्ट कोचीत करावा. एर्नाकुलममध्ये खोल्या मोठ्या मिळतात, पण तिथे उतरलेल्या कुटुंबाचा रोजचा दीड-दोन तासांचा वेळ ये-जा करण्यात जातो, आणि फोर्ट कोचीची उत्तम वेळ, म्हणजे सकाळी सात ते नऊ, हमखास हुकते. फोर्ट कोचीत घरगुती मुक्कामाची, म्हणजे होमस्टेची, पुष्कळ सोय आहे. ठरवण्यापूर्वी फोनवर तीन गोष्टी विचाराव्यात: खोली तळमजल्यावर आहे का, खिडक्यांना डासांची जाळी आहे का, आणि नाश्ता किती वाजता मिळतो. पहिला प्रश्न आजी-आजोबांसाठी. जुन्या घरांचे लाकडी जिने अरुंद आणि उभे असतात. फोटोत ते फार देखणे दिसतात.

हंगामाची निवड शाळेच्या सुट्ट्या आधीच करून ठेवतात. हवेच्या दृष्टीने डिसेंबर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम. दिवाळीच्या सुट्टीत तिथे परतीचा पाऊस असतो. मल्याळी लोक त्याला तुलावर्षम म्हणतात. तो बहुधा दुपारनंतर विजांसह कोसळतो, त्यामुळे बाहेरची ठिकाणे सकाळी आणि छपराखालची दुपारी, एवढी काळजी घेतली की दिवाळीची सहल निभावते. मे महिना दमट आणि घामट. लहान मुले असतील तर टाळलेला बरा. नाताळच्या आठवड्यात फोर्ट कोचीत कार्निव्हल असतो आणि 31 डिसेंबरच्या रात्री पप्पांजी नावाचा भव्य पुतळा जाळतात. तो सोहळा पाहण्यासारखा आहे, पण गर्दीत मुलाचा हात सुटण्याची भीती खरी आहे आणि खोल्यांचे भावही चढलेले असतात.

जाण्यासाठी रेल्वे आणि येण्यासाठी विमान, ही विभागणी कुटुंबाला मानवते. लोकमान्य टिळक टर्मिनसहून सुटणारी नेत्रावती एक्सप्रेस सुमारे एक दिवसात एर्नाकुलमला पोचवते. कोकणातले बोगदे आणि पूल, मग किनाऱ्याने मंगळुरू, कण्णूर, कोळिकोड असा हा मार्ग मुलांना भूगोलाच्या पुस्तकापेक्षा जास्त शिकवतो. पावसाळ्यात कोकण रेल्वेचे वेळापत्रक वेगळे आणि संथ असते, हे विसरू नये. आरक्षण आता 60 दिवस आधी खुले होते. पाच वर्षांवरच्या मुलाला स्वतंत्र बर्थ हवा असेल तर पूर्ण भाडे पडते. आजी-आजोबांचे तिकीट मात्र वेगळे काढावे, कारण ज्येष्ठांसाठी राखीव खालच्या बर्थचा कोटा एका तिकिटावर दोघांपर्यंतच चालतो; सहा जणांच्या एकत्र तिकिटावर तो लागत नाही. डबा वेगळा येण्याची शक्यता राहते, तरी रात्री मधल्या बर्थवर चढण्यापेक्षा ते परवडते. आणखी एक बारकावा: एर्नाकुलमला जंक्शन आणि टाउन अशी दोन स्टेशने आहेत, स्थानिक बोलण्यात साउथ आणि नॉर्थ. काही गाड्या एकाच ठिकाणी थांबतात. तिकिटावरचे नाव पाहिल्याशिवाय कोणाला न्यायला बोलावू नये.

फोर्ट कोचीत उतरलेल्या मराठी मुलाचा पहिला प्रश्न ठरलेला: किल्ला कुठे आहे? रायगड, सिंधुदुर्ग पाहिलेल्या मुलाला फोर्ट म्हटल्यावर तट-बुरूज दिसायला हवेत. इथे 1503 साली बांधलेला पोर्तुगीजांचा किल्ला होता; इंग्रजांनी 1806 मध्ये तो पाडला. आता उरले आहेत ते काही अवशेष आणि नाव. हे घरूनच सांगून न्यावे, म्हणजे हिरमोड होत नाही.

पहिली संध्याकाळ चिनी जाळ्यांसाठी ठेवावी. चीना वला म्हणून ओळखली जाणारी ही जाळी मुलांना सर्वांत जास्त आवडतात, मात्र ती लांबून फोटो काढून आटोपण्याची गोष्ट नाही. काठावर लाकडी फळ्यांचा माच असतो. त्यावर सुमारे दहा मीटर उंचीची, सागाच्या आणि बांबूच्या वाशांची तिरपी चौकट उभी असते आणि तिच्या टोकाला पाण्यावर पसरलेले झोळीसारखे जाळे. मागच्या बाजूला दोरांना मोठाले धोंडे लोंबत असतात. सारा यंत्राचा जीव या धोंड्यांत आहे. एक माणूस मुख्य वाशावरून पाण्याकडे चालत गेला की त्याच्या वजनाने जाळे खाली जाते. काही मिनिटांनी चार-सहा जण मिळून दोर खेचतात. धोंडे जाळ्याचे वजन तोलून धरतात, म्हणून एवढे अवजड धूड हाताने उचलता येते. दोरांची लांबी कमी-जास्त असते. जाळे जसजसे वर येते तसतसा एकेक धोंडा माचावर टेकत जातो आणि तोल ढळत नाही. जाळ्यात बरेचदा मूठभर मासळी निघते. मंडळी पर्यटकांना दोर ओढायला बोलावतात. नंतर थोडे पैसे अपेक्षित असतात, ते आधीच ठरवून घ्यावेत.

सोमवारची सकाळ फोर्ट कोचीत पायी फिरण्याची. सेंट फ्रान्सिस चर्चमध्ये वास्को द गामाच्या मूळ थडग्याची जागा आहे. तो 1524 च्या डिसेंबरात कोचीतच वारला आणि त्याच्या अस्थी 1539 मध्ये पोर्तुगालला नेल्या. म्हणजे किल्ल्याप्रमाणेच इथेही शिळा आहे, माणूस नाही. हेच चर्च आधी पोर्तुगीजांचे कॅथलिक, मग डचांचे प्रॉटेस्टंट आणि पुढे इंग्रजांचे अँग्लिकन झाले. शहराचा इतिहास एका इमारतीत पाहायचा तर ती ही. रविवारी सकाळी प्रार्थना असते, म्हणून सोमवार बरा. दुपारी झोप. संध्याकाळी कथकली, आणि प्रयोगापेक्षा तासभर आधी, कारण रंगभूषा प्रेक्षकांसमोर होते. तांदळाच्या पिठाचा लेप आणि कागद लावून हनुवटीभोवती उभी केलेली पांढरी कड, ज्याला चुट्टी म्हणतात, ती बसताना मुले खिळून राहतात. प्रयोगात त्यांना पुढे झोप येते.

मंगळवार मट्टनचेरीचा. अंतर दोन-अडीच किलोमीटर, रिक्षाने दहा मिनिटे. काही रिक्षावाले वाटेतल्या वस्तूंच्या दुकानात थांबण्याचा आग्रह धरतात. बसण्यापूर्वीच नको म्हणावे. राजवाडा पोर्तुगीजांनी सोळाव्या शतकाच्या मध्यावर बांधून कोचीच्या राजाला नजर केला आणि डचांनी डागडुजी केली म्हणून नाव पडले डच पॅलेस. बाहेरून तो साधाच दिसतो. आत राजाच्या शयनकक्षाच्या भिंतींवर रामायण आहे. रंग गेरू, पिवळा, हिरवा. आकृत्या इतक्या दाट की भिंतीचा रिता भाग शोधावा लागतो. मुलांना एकेक प्रसंग ओळखायला लावला तर अर्धा तास सहज जातो. पुढे ज्यू टाउनच्या टोकाला 1568 चे सिनेगॉग. जमिनीवर चीनमधून आणलेल्या, हाताने रंगवलेल्या निळ्या-पांढऱ्या फरशा आहेत आणि एकीसारखी दुसरी नाही असे सांगतात. बूट बाहेर काढावे लागतात. खांदे-गुडघे झाकणारे कपडे हवेत. मध्येच दुपारची सुट्टी असते, म्हणून दहा वाजताच पोचावे.

जेवणाची धास्ती आजीला असते. नारळाच्या तेलाचा वास काहींना पहिल्या दिवशी झेपत नाही. सकाळचे अप्पम, इडिअप्पम, पुट्टू बहुतेकांना रुचते. लाल जाड भात मुलांना चाववत नाही, पांढरा मागितला तर मिळतो. गुलाबीसर कोमट पाणी समोर आले तर दचकू नये, ते पतिमुगम या लाकडाने उकळलेले असते. शाकाहारी कुटुंबाची सोय मट्टनचेरीत अधिक चांगली होते, कारण तिथे गुजराती व्यापारी आणि कोकणी गौड सारस्वत पिढ्यानपिढ्या राहतात. सारस्वत सोळाव्या शतकात गोव्यातून पोर्तुगीजांमुळे निघाले आणि इथे स्थिरावले. तिरुमला देवळाच्या आसपास कोकणी कानावर पडते आणि कारवार-मालवणकडच्या माणसाला ती बरीचशी कळते. डच गव्हर्नर व्हान रीड याच्या मलबारी वनस्पतींवरील ग्रंथासाठी इथल्या तीन कोकणी पंडितांनी दिलेली साक्ष 1678 च्या पहिल्या खंडात नागरी लिपीतच छापली गेली. देवळात पुरुषांना अंगातला शर्ट काढावा लागतो, हे आधी सांगितलेले बरे.

मधला वेळ पाण्यावर घालवावा. 2023 मध्ये सुरू झालेल्या वॉटर मेट्रोची बोट एर्नाकुलमचा हायकोर्ट धक्का ते फोर्ट कोची अशी धावते. वातानुकूलित, आणि तरंगता धक्का बोटीच्या पातळीला राहत असल्याने गुडघेदुखीवाल्यांनाही चढता येते. सरकारी साधी बोट स्वस्त आणि उघडी. वारा हवा असेल तर तीच. दोन्ही एकेकदा कराव्यात, खासगी बोटीला पैसे मोजण्याची गरज पडत नाही.

आता मोहाचे दोन मुद्दे. मुन्नार सुमारे सव्वाशे किलोमीटर असले तरी घाटाने चार-पाच तास लागतात, दोन रात्री त्याच्याच. चार दिवसांत ते बसत नाही. अलप्पुळा, म्हणजे पूर्वीचे अलेप्पी, एका दिवसात होते, मात्र त्यासाठी मट्टनचेरी किंवा फोर्ट कोची यांतले एक सोडावे लागेल. त्याऐवजी अर्धा दिवस मोकळा ठेवावा. केरळात हरताळ अधूनमधून होतात, त्या दिवशी रिक्षा आणि दुकाने बंद राहतात. पावसाचीही भरपाई त्याच अर्ध्या दिवसात होते.

बुधवारी निघताना वेळेचा हिशेब विमानतळाच्या अंतराने करावा. तो नेडुंबश्शेरीला, शहराच्या उत्तरेला आहे. फोर्ट कोचीहून सुमारे चाळीस किलोमीटर. वाटेत पूल आणि हायवेवरची गर्दी लागते. दुपारी दोनच्या विमानासाठी खोली सकाळी साडेनऊला सोडावी, आणि वेलदोडे-मिरी, केळ्याचे वेफर्स ही खरेदी आदल्या संध्याकाळीच उरकावी.