पाडण्याआधी मोजून पाहा

घर बांधायला शिकवणारे कॉलेज असते, हे आता खेड्यातल्या माणसालाही ठाऊक झाले आहे. पण बांधून झालेल्या, जुन्या झालेल्या घराचे पुढे काय करायचे, हे शिकवणारेही शिक्षण असते, असे आमच्या उमापूरकडे सांगितले की लोक हसतात. "त्याला कॉलेज कशाला? जेसीबीला ताशी भाडं दिलं की झालं," असे उत्तर मिळते. त्यांचे म्हणणे अनुभवाचे आहे. गेवराई तालुक्यात जुन्या घरांचा निकाल बहुधा असाच लागतो. दोन पिढ्यांनी उभे केलेले घर दुपारच्या जेवणापर्यंत ढिगारा होते आणि त्यातली सागवानी तुळई संध्याकाळी ट्रॅक्टरमधून विकायला निघते.

मी बी.ए. झालेला, कविता लिहिणारा माणूस. गणिताशी माझे कधी फारसे जमले नाही. पण माझी भाची वास्तुकला शिकली आणि पुढे जुन्या इमारतींची दुरुस्ती व त्यांचा नवा वापर हाच विषय तिने घेतला, म्हणून या विद्येची मला थोडी ओळख झाली. वास्तुकला हा शब्द मी मुद्दाम वापरतो. वास्तुशास्त्र म्हटले की लोक लगेच स्वयंपाकघर कोणत्या दिशेला असावे ते विचारू लागतात.

हे शिक्षण कसे घडते ते थोडक्यात सांगतो. बारावीला गणित आणि पदार्थविज्ञान लागते. २००६ सालापासून 'नाटा' नावाची देशपातळीवरची अभियोग्यता चाचणी आहे. त्यानंतर पाच वर्षांची बी.आर्च. ही पदवी. १९७२ च्या वास्तुविशारद कायद्यानुसार परिषदेकडे नाव नोंदवले की मगच स्वतःला आर्किटेक्ट म्हणवता येते. ज्यांना जुन्या इमारतींचाच ध्यास असतो, ते पुढे दोन वर्षांचे पदव्युत्तर शिक्षण घेतात. दिल्लीचे स्कूल ऑफ प्लॅनिंग अँड आर्किटेक्चर आणि अहमदाबादचे सेप्ट ही त्यातली नावाजलेली ठिकाणे.

या विद्येच्या दोन वाटा आहेत. एक, इमारत जशी होती तशी जपायची. मुंबईच्या राणीच्या बागेतले डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय हे त्याचे उत्तम उदाहरण. १८७२ साली लोकांसाठी खुले झालेले हे संग्रहालय काळाच्या ओघात पार मळून गेले होते. वास्तुविशारद विकास दिलावरी यांच्या देखरेखीखाली त्याचे रंग, नक्षी, लोखंडी खांब पुन्हा उजळले. २००५ साली या कामाला युनेस्कोचा पुरस्कार मिळाला आणि २००८ साली संग्रहालय पुन्हा सुरू झाले.

दुसरी वाट मला जास्त मोलाची वाटते. इमारतीचे जुने काम संपले असेल, तर तिला नवे काम द्यायचे. मुंबईतला कावसजी जहांगीर हॉल १९११ साली सभा आणि मैफलींसाठी बांधला गेला. १९९६ पासून तिथे राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालय आहे. बाहेरून जुना हॉल तसाच ठेवून आत चित्रांसाठी वेगवेगळ्या पातळ्यांवर दालने केली आहेत. पुण्याचा आगाखान पॅलेस १८९२ साली, दुष्काळात लोकांच्या हाताला काम मिळावे म्हणून बांधला गेला. पुढे तो गांधीजींचा तुरुंग झाला, १९४४ साली कस्तुरबांनी तिथेच डोळे मिटले आणि १९६९ साली तो देशाला अर्पण करण्यात आला. आमच्या मराठवाड्यात छत्रपती संभाजीनगरचा सोनेरी महाल आहे. मोगलांबरोबर दख्खनमध्ये आलेल्या एका बुंदेल सरदाराचा तो महाल आज शासनाचे संग्रहालय आहे.

पण नवे काम दिले म्हणजे भलेच झाले, असे नाही. अहमदाबादची सिदी सय्यद मशीद तिच्या दगडी जाळ्यांसाठी जगभर प्रसिद्ध आहे. इंग्रज अमलात तिच्यात मामलेदार कचेरी थाटली होती. भिंतींवर पांढरी सफेदी आणि मधे लाकडी आडोसे! लॉर्ड कर्झनने ती कचेरी तिथून हलवली. मुंबईच्या गिरण्यांचेही तसेच. १९८२ च्या संपानंतर ज्या गिरण्या थंडावल्या, त्यांतल्या फिनिक्स गिरणीच्या आवारात मॉल उभा राहिला. धुराडे जपले, ते ठीक झाले. पण त्या धुराड्याखाली तीन पाळ्यांत राबणाऱ्या माणसाची आठवण तिथे कुठे ठेवली आहे, हे खरेदीला येणाऱ्याला सांगता येणार नाही. म्हणून 'या जागी आता कोण येणार आणि कोण जाणार?' हा प्रश्न या विद्येत चुना-विटांइतकाच महत्त्वाचा आहे, असे माझे मत आहे.

आता मुंबई-पुणे सोडून आपल्याकडे येऊ. आमच्याकडची जुनी घरे म्हणजे दगडमातीच्या भिंती आणि वर माळवद. घराचे माप खणांत. दोन खांबांमधली जागा म्हणजे खण. आमचे वडिलोपार्जित घर पाच खणांचे. तुळयांवर आडवी लाकडे, त्यांवर पाला आणि वर पांढऱ्या मातीचा जाड थर. मे महिन्यात स्लॅबच्या घरातली माणसे दुपारी लिंबाखाली बाज टाकतात, तेव्हा माळवदाखाली माणूस घोंगडी न अंथरता फरशीवर झोपतो.

मग लोक ही घरे पाडतात का? नव्या घराची हौस हे एक कारण. पण खरे कारण भीतीचे आहे, आणि त्या भीतीला तारीख आहे. ३० सप्टेंबर १९९३. अनंत चतुर्दशीचे विसर्जन करून लोक झोपले होते. पहाटे चारच्या सुमाराला किल्लारीचा भूकंप झाला. लातूर आणि उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यात, जवळजवळ दहा हजार माणसे गेली. बहुतेक जण स्वतःच्या घराखाली गेले. तेव्हापासून मराठवाड्यात दगडी भिंत म्हणजे मरण, असे समीकरण होऊन बसले.

पण भिंती का पडल्या, हे ज्यांनी बारकाईने पाहिले त्यांना वेगळेच दिसले. आमच्याकडची दोन-अडीच फुटी भिंत ही खरे तर दोन भिंती असतात. बाहेरचा एक थर, आतला एक थर, आणि मधे भर म्हणून लहान दगड नि माती. दोन्ही थरांना बांधून ठेवणारा आरपार दगड बहुतेक ठिकाणी घातलेलाच नव्हता. हादरा बसला तसे दोन्ही थर सुटले, एक अंगणात पडला, एक माणसांवर. डोक्यावर वर्षानुवर्षे गळती थांबवायला टाकत आलेली माती, तिचे वजन वेगळेच. मात्र अनेक घरांत भिंती कोसळूनही आतला खांब-तुळयांचा सांगाडा उभा राहिला होता.

म्हणजे दोष होता तो दगड न बांधण्याचा. आणि तो दुरुस्त करता येतो. भिंतीत ठरावीक अंतरावर आरपार भोक पाडायचे, त्यात दोन्ही टोकांना वाकवलेली सळई घालून काँक्रीट भरायचे. झाला जोडदगड. माळवदावरची जास्तीची माती उतरवायची. खांब आणि तुळई जिथे मिळतात त्या कोपऱ्यात तिरपे आधार ठोकायचे. घराला कमरेला करदोडा बांधावा तसा जाळी आणि सिमेंटचा पट्टा बांधायचा. भूकंपानंतरच्या पुनर्वसन कार्यक्रमात ५२ गावे नव्या जागी वसवली गेली, हे सर्वांना आठवते. त्याच कार्यक्रमात लाखावर घरांची जागेवरच दुरुस्ती आणि मजबुतीकरणाची कामे झाली, हे फारसे कोणी सांगत नाही. नव्या गावाचे उद्घाटन होते, भिंतीतल्या सळईचे कोण करणार?

भाची गेल्या उन्हाळ्यात आमचे घर मोजायला आली. मला वाटले, तास-दोन तासांचे काम. ती चार दिवस मोजत होती. फीत, ओळंबा आणि पाणी भरलेली पारदर्शक नळी. चौकोनी दिसणारी खोली चौकोनी नसते म्हणून प्रत्येक खोलीचे दोन्ही कर्ण मोजले. उत्तरेची भिंत चार बोटे बाहेर झुकलेली निघाली. ढाळजेत, ओसरीवर, बळदात ती टॉर्च घेऊन फिरली. मग गल्लीतल्या म्हाताऱ्या बायकांना विचारत बसली, की कोणता दरवाजा कधी बुजवला, चूल आधी कुठे होती. "मामू, घर खोटं बोलत नाही, पण सगळं सांगतही नाही," असे ती म्हणाली. माझ्यासारख्या कवीला ते वाक्य सुचायला हवे होते.

तिच्या वहीत आमच्या भाषेचेही मोजमाप झाले. इमारत, मजला, कमान, दरवाजा, दिवाणखाना, बुरूज हे शब्द अरबी-फारसीतून आलेले. मिस्त्री पोर्तुगिजांकडून. खण, ओसरी, जोते, तुळई आपल्या मातीतले. गवंडी एका दमात हे सगळे बोलतो आणि भिंत उभी राहते.

ओलीचे कोडेही तिनेच उलगडले. आतल्या भिंतींना दोन-अडीच फुटांपर्यंत लोणा लागला होता. भिंत मजबूत व्हावी म्हणून काही वर्षांपूर्वी तिला सिमेंटचा गिलावा केला होता. जमिनीतली ओल मातीच्या भिंतीत चढते, ती पूर्वी चुन्याच्या गिलाव्यातून वाळून जायची. सिमेंटने ती वाट बंद केली. ओल आतच राहिली आणि माती सैल झाली. चुन्याची गंमत अशी, की भट्टीत भाजलेला दगड पाण्यात विरवून भिंतीला लावला की तो हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून हळूहळू पुन्हा दगड होतो. पण त्याला वेळ लागतो, भिजवावे लागते, आणि बैलाच्या घाणीत चुना मळणारी माणसे आता शोधावी लागतात. सिमेंट वाईट नाही. जोडदगडाला तेच लागते. ते कुठे घालायचे हे कळणे म्हणजेच हे शिक्षण.

कधी कधी तर काहीच न करणे हेही शिक्षणच. फ्रान्सचे लाकातों आणि वासाल हे वास्तुविशारद जोडपे. १९९६ साली बोर्दो शहरातला एक चौक सुशोभित करायचे काम त्यांच्याकडे आले. त्यांनी तिथे बसून पाहिले, रहिवाशांशी बोलले आणि सांगितले, चौक छानच आहे. खडी बदला, झाडांची निगा राखा, झाडलोट नीट करा. पुढे त्याच शहरात त्यांनी ५३० घरांच्या जुन्या इमारती न पाडता, रहिवाशांना बाहेर न काढता, बाहेरून काचेची मोठी सज्जे जोडून प्रशस्त केल्या. २०२१ साली त्यांना वास्तुकलेतला सर्वोच्च मानला जाणारा प्रित्झकर पुरस्कार मिळाला.

आमच्याकडे अडचण वेगळी आहे. मुंबईत १९९५ पासून वारसा इमारतींची यादी आणि नियमावली आहे. उमापूरच्या घराचे नाव फार तर ग्रामपंचायतीच्या नमुना आठवर. त्या एका ओळीला सहा वारस, त्यांतले दोन पुण्यात. सगळ्यांची सही एका कागदावर होईपर्यंत माळवद वाट पाहत नाही.

आमच्या भाईजानना पुढचे दोन खण पाडून दुकाने काढायची आहेत. भाचीला तिथे मुलींसाठी अभ्यासिका हवी आहे. दोघांची बरीच वादावादी झाली. शेवटी तिने कागदावर काढून दाखवले, की खांब न हलवता दोन खांबांमध्ये शटर बसते आणि मागच्या खणात अभ्यासिका राहते. भाईजाननी कागद उलटसुलट पाहिला आणि खर्च विचारला. तिचा आकडा नव्या बांधकामापेक्षा कमी होता, पण त्यांचा प्रश्न रास्त होता: "भिंत टिकेल याची हमी कोण देतं?"

तिने हमी दिली नाही. उत्तरेच्या भिंतीवरच्या भेगेवर आडवी काचेची एक पातळ पट्टी चिकटवली आणि तारीख लिहिली. भेग अजून हलत असेल तर काच तडकते, थांबली असेल तर शाबूत राहते. पोळ्याला मी पाहिली तेव्हा काच शाबूत होती. परतीचा पाऊस अजून व्हायचा आहे. तोवर जेसीबी बोलवायचा नाही, एवढे भाईजाननी कबूल केले आहे.