त्यागराज भागवतर आणि गाणारा तमिळ बोलपट

तमिळ बोलपटात केवळ नटाच्या नावावर थिएटरे भरू लागली ती एम. के. त्यागराज भागवतर यांच्यापासून. पंचवीस वर्षांच्या कारकिर्दीत त्यांच्या वाट्याला अवघे चौदा चित्रपट आले. त्यांपैकी ‘हरिदास’ १९४४च्या दिवाळीत मद्रासच्या ब्रॉडवे थिएटरात लागला आणि तीन दिवाळ्या तिथेच चालला. तो पडद्यावर असतानाच त्याच्या नायकाला खुनाच्या खटल्यात जन्मठेप झाली. पुढे हा नट निर्दोष सुटला, पण गेलेले स्थान त्याला परत मिळाले नाही. तुरुंगाने त्यांचे आयुष्य उद्ध्वस्त केले असे सर्रास सांगितले जाते. ते खरे आहे, पण अर्धेच. उरलेले अर्धे कारण तमिळ चित्रपटाच्या जडणघडणीत आहे.

तमिळ चित्रपट जन्मला तो संगीत नाटकाच्या पोटी. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पारशी आणि मराठी नाटक कंपन्या दक्षिणेत दौरे करत. सांगलीकरांचे नाटक तंजावरात पोहोचले, आणि ते पाहून तंजावरच्याच गोविंदसामी राव या मराठी गृहस्थांनी मनमोहन नाटक कंपनी काढली. १६७६ ते १८५५ अशी जवळजवळ दोन शतके भोसल्यांची सत्ता नांदलेल्या या भागात मराठी कीर्तन आधीच रुजले होते आणि त्यातून तमिळ हरिकथा आकाराला आली होती. पुढे शंकरदास स्वामिगळ यांनी तमिळ रंगभूमीला पौराणिक नाटकांचा मोठा साठा दिला आणि मुलांच्या नाटक कंपन्या उभ्या केल्या. या कंपन्यांत गरिबाघरची मुले आठ-दहा वर्षांची असताना दाखल होत. तालीम, गाणे, जेवण, झोप सारे कंपनीतच. एम. जी. रामचंद्रन, एन. एस. कृष्णन, पी. यू. चिन्नप्पा ही सगळी मंडळी याच शाळेतली. ध्वनिक्षेपकाविना शेवटच्या रांगेपर्यंत आवाज पोहोचवणे हे इथल्या नायकाचे पहिले कर्तव्य होते. एस. जी. किट्टप्पा यांनी उंच पट्टीतल्या गायनाने तमिळ प्रेक्षकाला वेड लावले होते. किट्टप्पा १९३३ मध्ये ऐन तारुण्यात गेले आणि रंगभूमीवर जी जागा रिकामी झाली, ती भरून काढणारा गळा त्रिचीत तयार होत होता.

भागवतरांचा जन्म १९१० मध्ये तंजावर जिल्ह्यातल्या मायवरमचा. सोनारकाम करणाऱ्या विश्वकर्मा कुटुंबातला हा मुलगा. घर पुढे त्रिचीला हलले. शाळेत मन रमेना आणि गाण्याचा नाद सुटेना, म्हणून पोर घरातून पळाले. ते सापडले थेट तेलुगू मुलखातल्या कडप्प्यात, भोवती जमलेल्या लोकांना गाणे ऐकवताना. वडिलांनी मग हट्ट सोडला. त्रिचीत एफ. जी. नटेश अय्यर हे रेल्वेतले अधिकारी नाटकाचे मोठे शौकीन होते. रसिक रंजन सभा ही त्यांनीच स्थापन केलेली. त्यांनी दहा वर्षांच्या त्यागराजाला ‘हरिश्चंद्र’ नाटकात रोहिदासाची भूमिका दिली. हा मुलगा गाजला. व्हायोलिनवादक मदुरै पोन्नू अय्यंगार यांनी ते गाणे ऐकून त्याला शिकवायला घेतले, पुढे आलत्तूर वेंकटेश अय्यर यांचीही तालीम मिळाली. कर्नाटक संगीताची ही पक्की बैठक भागवतरांना नाटकातल्या इतर नटांपासून वेगळी ठरवते. हरिकथा सांगणाऱ्यांना आणि गवयांना लावली जाणारी ‘भागवतर’ ही पदवी तरुणपणीच त्यांच्या नावाला जोडली गेली, आणि सोनाराच्या मुलाला ती मिळावी ही त्या काळात साधी गोष्ट नव्हती.

बोलपट आला तेव्हा मद्रासेत ध्वनिमुद्रणाची सोयच नव्हती. ‘कालिदास’ हा पहिला तमिळ बोलपट मुंबईत तयार झाला. निर्माते होते ‘आलम आरा’चे अर्देशीर इराणी, दिग्दर्शक एच. एम. रेड्डी आणि नायिका रंगभूमीवरची टी. पी. राजलक्ष्मी. ३१ ऑक्टोबर १९३१ रोजी तो मद्रासच्या किनेमा सेंट्रलमध्ये झळकला. नायिका तमिळ बोलते, नायक तेलुगू बोलतो, आणि कालिदासाच्या गोष्टीत मध्येच गांधीजींच्या चरख्याचे गाणे येते, असा तो प्रकार होता. पडद्यावरचा माणूस आपल्या भाषेत गातो आहे, एवढेच प्रेक्षकाला पुरेसे होते.

पुढची काही वर्षे तमिळ निर्माते नटसंच, वाद्यवृंद आणि आचारी यांच्यासह आगगाडीत बसत आणि मुंबई, कलकत्ता किंवा महाराष्ट्रातले स्टुडिओ गाठत. १९३४चा तमिळ ‘सीता कल्याणम्’ प्रभात कंपनीने काढला, दिग्दर्शक होते बाबूराव पेंढारकर. राम आणि सीता झालेले एस. राजम आणि एस. जयलक्ष्मी प्रत्यक्षात सख्खे भाऊबहीण होते. गीतकार-संगीतकार म्हणून पापनाशम शिवन यांचे पदार्पण याच चित्रपटातले. भागवतरांच्या यशात ज्या माणसाचा वाटा सर्वांत मोठा, त्याने चित्रपटाची वाट धरली ती प्रभातच्या दारातून, ही गोष्ट मराठी चित्रपटाच्या इतिहासातही नोंदवून ठेवण्याजोगी आहे. त्याच वर्षी ए. नारायणन यांनी मद्रासेत श्रीनिवास सिनेटोन उभारले आणि ध्वनिमुद्रणाचे काम त्यांच्या पत्नी मीनाक्षी यांनी सांभाळले. स्त्रीने नायिका व्हावे की नाही यावर वाद झडत असताना एक बाई ध्वनियंत्रापुढे बसून बोलपट मुद्रित करत होती.

भागवतरांचा पहिला चित्रपट ‘पवळक्कोडी’ही १९३४चाच. रंगभूमीवर ते आणि एस. डी. सुब्बुलक्ष्मी यांच्या जोडीने हे नाटक गाजवले होते. तीच जोडी पडद्यावर आली. दिग्दर्शक के. सुब्रह्मण्यम हे पेशाने वकील. चित्रीकरण मद्रासच्या अड्यार भागात उघड्यावर, सूर्यप्रकाशात होई. ढग आले की काम थांबे. डब्यातले सांडलेले अन्न टिपायला कावळे जमत आणि त्यांची कावकाव ध्वनिमुद्रणात शिरे, म्हणून त्यांना उडवायला बंदूकवाला माणूस नेमला होता असे सांगतात. नट गात असे तो कॅमेऱ्यापुढेच, त्याच क्षणी. पेटी, तबला, व्हायोलिन घेऊन वादक चौकटीबाहेर किंवा झाडाआड बसत. एका कडव्यात सूर ढळला तर सगळे पुन्हा पहिल्यापासून. चित्रपटात सुमारे पन्नास गाणी होती. अशा पद्धतीत दिसण्यापेक्षा गळ्याला मोल असणार हे उघड आहे. भागवतरांकडे दोन्ही होते. मानेवर रुळणारे केस, रेशमी जिब्बा, जरीचे अंगवस्त्र आणि कानांत हिऱ्याच्या कुड्या हा त्यांचा वेश तरुणांत इतका पसरला की केशकर्तनालयांत त्यांच्या नावाचा केशसंभार मागितला जाऊ लागला.

१९३७ हे वर्ष निर्णायक ठरले. मदुरैच्या रॉयल टॉकीजचा ‘चिंतामणी’ बिल्वमंगळाच्या कथेवर बेतलेला होता आणि वाय. व्ही. राव यांनी तो दिग्दर्शित केला होता. एकाच थिएटरात वर्षभर चालण्याचा मान तमिळ चित्रपटाला त्याने पहिल्यांदा मिळवून दिला, आणि त्याच्या नफ्यातून मदुरैत ‘चिंतामणी’ नावाचेच थिएटर उभे राहिले. त्याच वर्षीच्या ‘अंबिकापती’चा दिग्दर्शक एलिस डंगन हा अमेरिकेहून आलेला तरुण. त्याला तमिळ येत नव्हते, पण कॅमेरा कुठे ठेवावा आणि प्रणयप्रसंग कसा उभा करावा हे त्याला नेमके कळत होते. कवी कंबराचा मुलगा आणि चोळ राजकन्या यांची ही शोकांतिका. इळंगोवन यांच्या संवादांनी पडद्यावरच्या तमिळला प्रथमच साहित्याचा दर्जा दिला.

‘तिरुनीलकंठर’ (१९३९), ‘अशोककुमार’ (१९४१) आणि ‘शिवकवी’ (१९४३) यांनी हे यश पुढे नेले. ‘अशोककुमार’ म्हणजे डोळे गमावलेल्या कुणालाची कथा. तीत सेनापतीच्या छोट्या भूमिकेत एम. जी. रामचंद्रन दिसतात. या साऱ्या चित्रपटांत शब्द आणि चाल पापनाशम शिवन यांची, वाद्यमेळ बहुधा जी. रामनाथन यांचा, आणि रागदारी अस्सल. कर्नाटक संगीताच्या मैफलीत त्या वेळी तेलुगू आणि संस्कृत कृतींचे राज्य होते. तमिळ गाणी गायिली जावीत यासाठी राजा अण्णामलै चेट्टियार यांच्या पुढाकाराने चळवळ उभी राहिली ती चाळीसच्या दशकात. पण शेतमजूर आणि टांगेवाल्याच्या ओठांवर शुद्ध रागातले तमिळ गाणे बसवण्याचे काम शिवन आणि भागवतर यांनी आधीच चालवले होते. संगीतसभेचे तिकीट ज्याला परवडत नव्हते किंवा तिथे पाऊल टाकायचा ज्याला संकोच वाटे, त्याला हे संगीत ग्रामोफोनच्या तबकडीतून आणि चार आण्यांच्या बाकावरून मिळाले. भागवतरांचे सर्वांत मोठे कार्य हेच.

युद्धकाळात कच्च्या फिल्मचा तुटवडा झाला आणि सरकारने चित्रपटाची लांबी ११,००० फुटांवर बांधून टाकली. पन्नास गाण्यांचा जमाना त्या बंधनाने संपला. ‘हरिदास’ याच मर्यादेत बसवलेला, त्यामुळे तो भागवतरांच्या आधीच्या चित्रपटांहून घट्ट विणीचा वाटतो. दिग्दर्शक सुंदरराव नाडकर्णी हे मंगळूरचे कोकणीभाषक, मुंबईच्या मूकपटांत घडलेले. कथेचा गाभा मराठी वाचकाला परका नाही: बायकोच्या आणि गणिकेच्या नादी लागून आईबापांना छळणारा मुलगा सर्वस्व गमावतो, शुद्धीवर येतो आणि त्यांच्याच सेवेत देव पाहतो. पुंडलिकाचीच ही गोष्ट. १९५७च्या तेलुगू ‘पांडुरंग माहात्म्यम्’मध्ये ती पंढरपूरच्या नावानिशी पुन्हा आली. टी. आर. राजकुमारी यांची गणिका आणि पश्चात्तापानंतर आर्त होत जाणारा भागवतरांचा आवाज यांवर हा चित्रपट तोलला आहे.

‘हरिदास’ लागून महिनाही झाला नव्हता, तोच ८ नोव्हेंबर १९४४ रोजी मद्रासच्या वेपेरी भागात सी. एन. लक्ष्मीकांतन यांच्यावर सुऱ्याने हल्ला झाला आणि दुसऱ्या दिवशी ते इस्पितळात मरण पावले. ‘सिनेमा तूदु’ आणि नंतर ‘हिंदू नेसन’ या नियतकालिकांतून ते नटनट्यांच्या खासगी आयुष्याविषयी बदनामीकारक मजकूर छापत. पहिल्या पत्राचा परवाना रद्द व्हावा म्हणून भागवतर, विनोदी नट एन. एस. कृष्णन आणि दिग्दर्शक श्रीरामुलू नायडू यांनी गव्हर्नरकडे अर्ज केला होता. खुनाच्या कटाच्या आरोपाखाली या तिघांनाही अटक झाली. नायडू सुटले. ज्यूरीने बहुमताने बाकी दोघांना दोषी ठरवले आणि मे १९४५ मध्ये त्यांना जन्मठेप झाली. उच्च न्यायालयातले अपील फेटाळले गेले. लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने मात्र प्रकरण फेरविचारासाठी परत पाठवले, आणि एप्रिल १९४७ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने दोघांची निर्दोष मुक्तता केली. लक्ष्मीकांतन यांचा खून कोणी केला हे आजवर सिद्ध झालेले नाही.

सुटकेनंतर भागवतरांनी स्वतःच्या कंपनीतर्फे ‘राजमुक्ती’ काढला. चित्रीकरणासाठी ते पुण्याला प्रभात स्टुडिओत आले. पी. भानुमती आणि एम. जी. रामचंद्रन त्यात होते, एम. एल. वसंतकुमारी यांनी पार्श्वगायन केले, आणि संवाद लिहायला तमिळ लघुकथेतले श्रेष्ठ नाव, पुदुमैपित्तन, पुण्यात येऊन राहिले. तिथेच त्यांचा क्षय बळावला आणि १९४८ मध्ये वयाच्या बेचाळिसाव्या वर्षी ते गेले. त्याच वर्षी प्रदर्शित झालेला ‘राजमुक्ती’ पडला. तमिळ साहित्याने आपला एक मोठा लेखक गमावला तो या चित्रपटापायी.

भागवतरांचा आवाज मात्र शाबूत होता. मग चित्रपट का पडला? त्यांच्याबरोबर तुरुंग भोगलेले एन. एस. कृष्णन बाहेर आले आणि ‘नल्ल तंबी’सारख्या चित्रपटांतून पुन्हा लोकप्रिय झाले. म्हणजे प्रेक्षकांनी कैद मनात धरलेली नव्हती. बदलले होते ते माध्यम. पार्श्वगायनाचा पहिला तमिळ प्रयोग १९३८च्या ‘नंदकुमार’मध्ये झाला, ए. व्ही. मेय्यप्पन यांच्यासाठी प्रभातमधून बाहेर पडलेल्या केशवराव धायबरांनी तो दिग्दर्शित केला होता. दहा वर्षांत ती पद्धत सर्वमान्य झाली आणि नटाला गाता आलेच पाहिजे ही अट उरली नाही. १९५२च्या ‘पराशक्ती’त करुणानिधींचे ज्वलंत संवाद आणि शिवाजी गणेशन यांची शब्दफेक यांनी तर नायकाचे कामच पालटून टाकले, आता तो गात नव्हता, बोलत होता. गळ्यावर उभे राहिलेले दुसरे मोठे नायक पी. यू. चिन्नप्पा १९५१ मध्येच वारले होते. भक्ताच्या आणि राजपुत्राच्या भूमिकेत आळवणारा नट देवाधर्माच्या रूढींवर प्रहार करणाऱ्या द्रविड चळवळीच्या त्या काळात जुना वाटू लागला.

‘अमरकवी’ आणि ‘श्यामळा’ हे १९५२चे चित्रपट, तसाच १९५७ मध्ये स्वतः दिग्दर्शित केलेला ‘पुदु वाळ्वु’, यांपैकी कशानेही गेलेले दिवस आणले नाहीत. मधुमेह आणि रक्तदाब बळावले, शेवटी दृष्टीही गेली. मैफली मात्र चालू राहिल्या आणि देवळांच्या उत्सवांत त्यांना ऐकायला गर्दी होतच राहिली. १ नोव्हेंबर १९५९ रोजी मद्रासच्या जनरल हॉस्पिटलात, पन्नाशी गाठण्याआधीच त्यांचे निधन झाले. अंत्यसंस्कार त्रिचीला झाले. ‘शिवकामी’ हा त्यांचा चौदावा चित्रपट पुढच्या वर्षी, १९६० मध्ये, प्रदर्शित झाला.