वाळवंट मोजायला शिकवणारे उन्हाळी संशोधन प्रशिक्षण

बीरगाव (रायपूर) : उन्हाळी सुटीत महाविद्यालये ओस पडतात, त्याच काळात देशातील काही पदवी विद्यार्थी संशोधन संस्थांमध्ये दाखल होतात. बंगळुरूची भारतीय विज्ञान अकादमी, नवी दिल्लीची भारतीय राष्ट्रीय विज्ञान अकादमी आणि प्रयागराजची राष्ट्रीय विज्ञान अकादमी या तिन्ही संस्था मिळून उन्हाळी संशोधन छात्रवृत्ती देतात. निवड झालेला विद्यार्थी साधारण दोन महिने एखाद्या शास्त्रज्ञाच्या मार्गदर्शनाखाली काम करतो. उरला औद्योगिक क्षेत्रालगतच्या बीरगावातील विद्यार्थ्यालाही ही वाट खुली आहे. योजना केवळ वाळवंटापुरती नाही. मात्र वाळवंटाच्या परिस्थितिकीला उन्हाळ्याइतका बोलका ऋतू दुसरा नाही.

रायपूर परिसरातील विद्यार्थ्याला उष्णतेचे अप्रूप नसते. त्याला नवी असते ती पाण्याची टंचाई. रायपूरला वर्षाकाठी सुमारे १२०० मिलिमीटर पाऊस पडतो, तर जैसलमेरला २०० मिलिमीटरही नाही. वाळवंट ठरते ते या आकड्याने, तापमानाने नव्हे. थंड लडाखही शीत वाळवंटच आहे आणि जोधपूर येथे १९५९ पासून कार्यरत असलेल्या केंद्रीय शुष्क क्षेत्र संशोधन संस्थेचे एक केंद्र लेह येथेही आहे.

प्रशिक्षणात शिकायचे ते मुख्यतः मोजणे. दोरीने आखलेल्या चौकटीत सेवण गवताचे किती ठोंब आहेत, खेजडीच्या सावलीत आणि उघड्यावर मातीचे तापमान किती, सांडा नावाचा सरडा बिळाचे तोंड मातीने केव्हा बंद करतो, वाळवंटी उंदीर कोणत्या प्रहरी बाहेर पडतो, अशा नोंदी पहाटेपासून घ्याव्या लागतात. दुपारी वाळू इतकी तापते की प्राण्यांप्रमाणे संशोधकालाही आडोसा शोधावा लागतो. पहिला पाऊस पडताच कोरडी दिसणारी जमीन काही दिवसांत हिरवी होते आणि आधी घेतलेल्या नोंदींना अर्थ येतो.

दोन महिने अपुरे आहेत, हा आक्षेप रास्त आहे. त्याचे उत्तर अमेरिकेतील ॲरिझोना राज्यातल्या पोर्टल येथे मिळते. तेथे जेम्स ब्राऊन व सहकाऱ्यांनी १९७७ मध्ये वाळवंटाचे २४ तुकडे आखले आणि त्यांपैकी काहींतून कांगारू उंदरांना दूर ठेवले. सुमारे १२ वर्षांनी त्या तुकड्यांतील झुडपी माळ गवताळ होऊ लागल्याचे १९९० मध्ये प्रसिद्ध झाले. उंदीर चांदण्यात बाहेर पडणे टाळतात, म्हणून तेथील सापळे दर महिन्याला अमावास्येच्या सुमारास लावले जातात. अशा प्रदीर्घ नोंदवहीत एका उन्हाळ्याची भर घालणाऱ्या विद्यार्थ्याचे काम वाया जात नाही. सुटा, दोन महिन्यांत संपणारा प्रकल्प मात्र बहुधा कपाटात जातो.

या मोजणीवर बरेच अवलंबून आहे. देशाच्या पडीक जमिनींच्या नकाशासंग्रहात वालुकामय प्रदेशांचाही समावेश होतो आणि ‘पडीक’ म्हटले की जमीन उपयोगात आणण्याची घाई सुरू होते. थरमध्ये हिरवाईच्या हेतूने आणलेली विलायती बाभूळ, म्हणजे आपली वेडी बाभूळ, आज स्थानिक झाडोऱ्याला हटवत आहे. राजस्थानात गोडावण म्हणून ओळखला जाणारा माळढोक आता प्रामुख्याने जैसलमेर परिसरात उरला आहे. सोलापूरजवळच्या नान्नज येथे त्याच्यासाठी १९७९ मध्ये अभयारण्य झाले. तरीही माळरानावर झाडे लावण्याचा उत्साह तेथे आवरला गेला नाही. उघडा माळ हाच या पक्ष्याचा अधिवास, हे सिद्ध करण्यासाठी गवताच्या नोंदी लागतात आणि त्या घेणारे हात फार थोडे आहेत.

छात्रवृत्तीचे अर्ज साधारणपणे हिवाळ्यात मागवले जातात. गुणपत्रकाबरोबर विद्यार्थ्याला काय अभ्यासायचे आहे याचे टिपण आणि शिक्षकाचे शिफारसपत्र द्यावे लागते. लहान शहरांत अडते ते बहुतेकदा येथेच. वर्गाबाहेर विद्यार्थ्याचे काम कोणी पाहिलेले नसते, मग शिफारस कशाच्या आधारे करायची? ज्या महाविद्यालयात आवारातील गवताची चौकट आखून वर्षभर नोंद ठेवली जाते, तेथील शिक्षकाला या पत्रात लिहिण्यासारखे काही तरी हाती असते.