आरओच्या नळकांड्यात दडलंय काय?

स्वयंपाकघरातल्या आरओची मेम्ब्रेन बदलायला माणूस आला की जुनं पांढरं नळकांडं थेट कचऱ्यात जातं. एकदा ते उलगडून बघाच! आत मधल्या भोकाभोकांच्या नळीभोवती गुंडाळलेली पातळ चादर निघते, आणि त्या चादरीत तीन थर असतात.

खाली पॉलिएस्टरचं न विणलेलं कापड, साधारण १२० मायक्रॉन जाडीचं. त्यावर पॉलिसल्फोनचा सच्छिद्र थर, ४०-५० मायक्रॉन. आणि सगळ्यात वर पॉलिअमाइडचा पापुद्रा, जेमतेम ०.१ ते ०.२ मायक्रॉन! केसाच्या जाडीत असे तीनशेहून जास्त पापुद्रे मावतील. मीठ अडवतो तो हाच. खालचे दोघे फक्त दाब सोसतात.

दाब तरी किती? समुद्राचं पाणी गोडं करताना ५५ ते ७० बार. समुद्रात ६०० मीटर खोल गेल्यावर अंगावर येतो, साधारण तेवढा.

हा पापुद्रा बनतो कसा, ही यातली सर्वांत सुंदर गोष्ट. पॉलिसल्फोनचा थर एका रसायनाच्या पाण्यात भिजवायचा आणि वरून हेक्झेनसारख्या द्रवात विरघळवलेलं दुसरं रसायन ओतायचं. पाणी आणि हेक्झेन एकमेकांत मिसळत नाहीत. दोघांच्या सीमेवर, दुधावर साय धरावी तसा, पापुद्रा धरतो. तो धरला की रसायनांची गाठभेट अडते आणि त्याचं जाड होणं आपोआप थांबतं. कुठे भोक राहिलंच, तर रसायनं तिथेच भेटतात आणि ते बुजतं. १९७०च्या दशकात अमेरिकेत जॉन कॅडॉट यांनी घडवलेली ही रीत आजही जगभर चालते.

त्याआधी, १९६०च्या सुमारास, कॅलिफोर्निया विद्यापीठात सिडनी लोब आणि भारतात जन्मलेले श्रीनिवास सौरीराजन यांनी सेल्युलोज अ‍ॅसिटेटची मेम्ब्रेन बनवली होती. आणि आरओच्या नावातलं ऑस्मोसिस, म्हणजे पडद्यातून पाणी आपोआप झिरपणं, मुळात पहिल्यांदा टिपलं गेलं १७४८मध्ये, फ्रान्समध्ये. आबे नोले यांनी तेव्हा पडदा म्हणून वापरलं होतं डुकराचं मूत्राशय!

इतक्या दणकट मेम्ब्रेनचा एक शत्रू मात्र आपल्या नळातच असतो: क्लोरीन. त्याच्याशी गाठ पडली की पॉलिअमाइड खराब होतं आणि मीठ आत शिरू लागतं. म्हणून मेम्ब्रेनच्या आधी कार्बन फिल्टर बसवलेला असतो. तो वेळेवर बदला, महागडी मेम्ब्रेन जास्त टिकेल. आणि आरओतून वाया जाणारं पाणी मोरीत सोडू नका. फरशी पुसायला, संडासात ओतायला ते उत्तम चालतं.