उभी बाटली, आडवी बाटली

या मतपत्रिकेवर उमेदवाराचे नाव नसते, पक्षाचे चिन्हही नसते. दोन बाटल्यांची चित्रे असतात, एक उभी आणि एक आडवी. गावातले परवान्याचे दारू दुकान चालू राहावे असे वाटत असेल तर उभ्या बाटलीवर मत, बंद व्हावे असे वाटत असेल तर आडव्या बाटलीवर. तहसील कार्यालयाची माणसे मतदान घेतात, पेटी असते, आडोसा असतो, मतदार यादी असते. बहुतेक ठिकाणी रांगेत असतात त्या फक्त बायका. सरकारने दिलेला परवाना गावकऱ्यांनी मत देऊन रद्द करायला लावावा, अशी सोय आपल्याकडे फार थोड्या विषयांत आहे. दारूबंदीच्या चळवळीत ज्यांना रस नाही त्यांनीही या मतदानाकडे नीट पाहावे, असे मला म्हणूनच वाटते. एकाच आळीतली माणसे सार्वजनिक प्रश्नावर कशी विभागली जातात आणि मते मोजायचा नियम कसा लिहिला आहे यावर निकाल किती अवलंबून असतो, ते इथे उघड दिसते.

आजचा नियम २००८ च्या सरकारी आदेशातून आला. गावातल्या किंवा वॉर्डातल्या किमान २५ टक्के महिला मतदारांनी सह्यांचे निवेदन द्यायचे, राज्य उत्पादन शुल्क विभागाने त्या सह्या पडताळायच्या, मग गुप्त मतदान व्हायचे. यादीतल्या निम्म्याहून अधिक महिलांनी आडव्या बाटलीला मत दिले तर दुकानाचा परवाना बंद होतो. या आदेशामागे मोठी वाट आहे. राज्यघटनेच्या ४७ व्या अनुच्छेदाने मादक पेयांवर बंदी आणण्याचा प्रयत्न राज्याने करावा असे सांगितले. मुंबई राज्याचा दारूबंदी कायदा १९४९ चा, आणि तो आजही रद्द झालेला नाही. त्याच कायद्याखाली दुकानांना परवाने मिळतात, पिणाऱ्यालाही परवाना लागतो. दुसरीकडे दारूवरच्या शुल्कातून राज्याला वर्षाला २० हजार कोटी रुपयांहून अधिक मिळतात. जून २०२५ मध्ये मंत्रिमंडळाने विदेशी मद्यावरचे शुल्क वाढवले तेव्हा आणखी सुमारे १४ हजार कोटी रुपये येतील असा अंदाज सांगितला गेला. ज्या तिजोरीला हा पैसा हवा आहे, तिच्याच सरकारने बायकांच्या हाती ही मतपत्रिका दिली आहे. नियमात एवढे अडथळे का राहिले, त्याचे एक कारण मला इथे दिसते.

सातारा जिल्ह्याने ही मतपत्रिका सर्वांत जिद्दीने वापरली. वर्षा देशपांडे यांच्या दलित महिला विकास मंडळाने आणि व्यसनमुक्त युवक संघाच्या कार्यकर्त्यांनी गावोगावी बायकांना उभे केले. जावळी तालुक्याने परवान्याची दुकाने बंद करून दाखवली आणि पुढे अनेक जिल्ह्यांतल्या गावांनी तो कित्ता गिरवला.

पण गाव कधी एकमुखी नसते. आडव्या बाटलीची बाजू सगळ्यांना माहीत आहे: मजुरी दुकानातच संपते, रात्री मार बसतो, पोराच्या वह्या राहतात, तरुण वयात नवरा लिव्हर जाऊन मरतो. समोरच्या बाजूला केवळ दुकानदार आणि दारुडे असतात असे समजणे मात्र चूक आहे. दुकानाशेजारी अंडाभुर्जीची गाडी लावणारी बाई असते, तिचे घर त्या गाडीवर चालते. दुकान गावातले गेले तर नवरा पाच किलोमीटरवर जाईल आणि रात्री पिऊन मोटारसायकलवरून परत येईल, ही भीती असलेली बाई असते. परवान्याचे दुकान बंद झाले की ओढ्याकाठच्या हातभट्टीचा धंदा वाढेल, तिथे काय मिसळतात ते कुणी तपासत नाही, असे म्हणणारे लोक असतात. मी कर भरतो, मग मलाच का घालवता, असा दुकानदाराचा प्रश्न असतो. आणि मोजूनमापून पिणारा, कुणाला त्रास न देणारा माणूसही असतो. आपल्या सवयीवर शेजारणींनी मत का द्यावे हे त्याला कळत नाही. यातली प्रत्येक हरकत खरी आहे. आडव्या बाटलीसाठी झटणाऱ्या ज्या बायका या हरकतींना सामोऱ्या गेल्या, हातभट्टीविरुद्ध पोलिसांत तक्रारी करत राहिल्या, भुर्जीवालीला दुसरी जागा मिळावी म्हणून धडपडल्या, त्यांच्याबद्दल मला अधिक आदर आहे. नुसत्या घोषणांनी जिंकलेला निकाल फार टिकत नाही.

गुप्त मतदानाचे मोल इथे कळते. ग्रामसभेत हात वर करायचा तर नवरा, दीर, सासरा, दुकानदाराचे भाऊबंद, सगळे बघत असतात. शिवाय दुकान अनेकदा गावच्या पुढाऱ्याच्या नात्यातले असते. आडोशाआड एकटी उभी राहिलेली बाई कुणालाही न दुखावता मत देऊ शकते, आणि उभ्या बाटलीच्या बाजूची असेल तर तिलाही तेच स्वातंत्र्य मिळते. सह्यांच्या निवेदनात ते नसते. तिथे नाव उघड होते, आणि पडताळणीला अधिकारी दारात आला की घरात प्रश्न सुरू होतात. म्हणून पहिली पायरीच सर्वांत अवघड असते.

आता मोजणीकडे येऊ, कारण खरा अन्याय तिथे आहे. सरपंच निवडताना पडलेल्या मतांत ज्याला जास्त मते तो जिंकतो. बाटलीच्या मतदानात मात्र यादीतल्या एकूण महिलांच्या निम्म्याहून अधिक मते लागतात. जी आली नाही तिचे मत आपोआप दुकानाच्या बाजूने धरले जाते. एक हिशोब मांडून पाहा. यादीत १,००० महिला आहेत. त्यांतल्या काही वारल्या, नावे कमी झाली नाहीत. काही लग्न होऊन सासरी गेल्या, नाव माहेरच्या यादीतच राहिले. काही पुण्या-मुंबईला कामाला, काही ऊसतोडीला. समजा अशा २५० झाल्या. उरलेल्या ७५० पैकी ६०० जणी मतदानाला आल्या, म्हणजे हजर बायकांतल्या दर पाच जणींमागे चार. त्यांतल्या ४९० जणींनी आडव्या बाटलीला मत दिले, ११० जणींनी उभ्या बाटलीला. तरीही दुकान चालू राहते, कारण ५०१ मते लागतात.

हा आकडा मी उदाहरणासाठी घेतला आहे, पण यादीतली ही नावे कुठल्याही गावात सापडतील. त्यात सासरी गेलेल्या मुलींचा मुद्दा मला फार बोचतो. पुरुषाचे नाव सहसा जन्मगावच्या यादीत राहते आणि तोही बहुधा तिथेच राहतो. बाईचे गाव लग्नाने बदलते. यादी वेळेवर बदलली नाही तर याच मतदानात, जिथे मतदार बायका आहेत, अनुपस्थितांचा भार सर्वांत जास्त पडतो. नियम लिहिणाऱ्यांनी हे जाणून लिहिले की अजाणता, ते ठरवायची गरज नाही. परिणाम समोर आहे.

या नियमाच्या बाजूनेही एक विचार आहे, तो मी टाळणार नाही. परवाना म्हणजे कुणाची तरी उपजीविका. मूठभर लोकांनी एका दुपारी येऊन ती बंद करू नये, म्हणून अट कडक हवी, असे अनेक जण प्रामाणिकपणे मानतात. मलाही कमी उपस्थितीच्या मतदानाने दुकान बंद व्हावे असे वाटत नाही. पण त्यासाठी किमान मतदानाची अट घालता येते आणि झालेल्या मतांत स्पष्ट बहुमत मागता येते. न आलेल्या आणि हयात नसलेल्या बायकांना दुकानाच्या पारड्यात टाकणे हा त्यावरचा उपाय नव्हे.

गावाऐवजी सबंध जिल्ह्याचा निर्णय घ्यायचा ठरला की मतभेद आणखी गुंततात. वर्धा १९७५ पासून दारूबंदीत आहे, गडचिरोली १९९३ पासून. गडचिरोलीची बंदी गावागावांतल्या लोकांच्या चळवळीतून आली, डॉ. अभय आणि राणी बंग त्यात होते. शेजारच्या चंद्रपुरात, ज्यातून १९८२ मध्ये गडचिरोली वेगळा झाला, पारोमिता गोस्वामी आणि श्रमिक एल्गार यांनी २०१० मध्ये चिमूरहून नागपूरच्या विधानभवनावर बायकांचा मोर्चा नेला. पुढे समिती नेमली गेली, पाचशेहून अधिक ग्रामपंचायतींनी ठराव केले आणि १ एप्रिल २०१५ पासून जिल्ह्यात बंदी लागू झाली. मे २०२१ मध्ये मंत्रिमंडळाने ती उठवली. अवैध दारू वाढली, त्या धंद्यात बायका आणि मुले ओढली गेली, महसूल बुडाला, ही कारणे दिली गेली. निवृत्त सनदी अधिकारी रमानाथ झा यांच्या समितीचा अहवाल त्याआधी आला होता. बंदी नको म्हणणारे व्यापारी, हॉटेलवाले आणि कामगार जिल्ह्यात होते, बंदी हवी म्हणणाऱ्या बायकाही होत्या. पण बंदी उठवण्याआधी गावागावांत आडवी-उभी मतपत्रिका फिरली नाही. ज्यांनी चिमूरहून चालत जाऊन मागणी केली, त्यांना मुंबईहून निर्णय कळला. बंदी यशस्वी झाली होती की फसली होती यावर वाद होऊ शकतो. लोकांना न विचारता उठवणे मात्र मला चुकीचे वाटते, आणि आणतानाही ठरावांऐवजी गुप्त मतदान झाले असते तर बंदीचा पाया पक्का झाला असता.

गडचिरोलीतच या प्रश्नाचा आणखी एक पदर आहे. तिथल्या गोंड गावांत मोहाची दारू पूजेत आणि लग्नकार्यात लागते. बाहेरून आलेली बाटली आणि घरची मोहाची दारू यांना एकच कायदा लावला की आदिवासी माणसाला आपल्या देवाधर्मावर कुणी बोट ठेवल्यासारखे वाटते. धानोरा तालुक्यातल्या मेंढा-लेखाने मतदान टाळले. तिथे ग्रामसभेत सर्वसहमतीनेच निर्णय होतो. एकाचीही हरकत असेल तर विषय पुढच्या बैठकीवर जातो. या पद्धतीत वेळ फार जातो, पण हरलेला गट मागे उरत नाही. मात्र ही रीत आपापसांत ओळख असलेल्या लहान गावात चालते. दहा हजार वस्तीच्या गावात किंवा शहरातल्या वॉर्डात मतपेटीच हवी.

म्हणून पेटीचाच नियम सुधारला पाहिजे. मतदानाआधी फक्त या कामासाठी यादी घरोघर तपासावी. मृत आणि सासरी गेलेल्या महिलांची नावे हिशोबातून वगळावीत, आणि सुनांची नावे त्याच फेरीत नोंदवावीत. सह्यांच्या पडताळणीला महिला कर्मचारी पाठवावी, आणि निवेदनातली नावे दुकानदाराला दाखवू नयेत. बंदचा निकाल लागला तर पुढचे वर्षभर त्या गावातल्या अवैध विक्रीच्या तक्रारींचा जाब ठरावीक अधिकाऱ्याला ग्रामसभेत द्यावा लागावा. उभी बाटली जिंकली तर दुकानाची वेळ, शाळा-देवळापासूनचे अंतर आणि लहान मुलांना विक्री यांची तपासणी गावच्या बायकांच्या समितीसमोर व्हावी. आणि ज्या गावांतून ऊसतोडीला माणसे जातात तिथे दिवाळी ते एप्रिल या काळात हे मतदान ठेवू नये. टोळ्या परतल्यावर, मे महिन्यात ठेवावे.